डिशवॉशर पाणी घेताना घर्रर्र आणि शेवटी धाडकन : ठाण्यातल्या एका फ्लॅटचं पूर्ण प्रकरण

ठाण्याला घोडबंदर रोडवर माझ्या ताईचा फ्लॅट आहे, सोळा मजली टॉवर, ही तिसऱ्या मजल्यावर. डिशवॉशर घेऊन वर्ष होत आलं होतं आणि इतके महिने त्याचा काही त्रास नव्हता. मग एकदम सुरू झालं, रात्री अकराला जेवणं आटोपून मशीन लावलं की पाणी घेऊन झाल्यावर भिंतीत धाडकन ठोका बसायचा, एकदा नाही, एका धुण्यात पाच-सहा वेळा, आणि पुढे पुढे पाणी घेतानाही घर्रर्र असा मोठा आवाज यायला लागला. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमची भिंत पाण्याचे उभे पाईप ज्यातून जातात त्याच डक्टला लागून आहे, त्यांना बीपीचा त्रास, झोप मोडली की परत लागत नाही, त्या दोनदा वर येऊन गेल्या. सर्व्हिसवाला येऊन मशीनचा पाणी आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह बदलून गेला, पैसे घेतले, त्याच रात्री आवाज होता तसाच. परत फोन केला तर म्हणे आता पंप बदलावा लागेल. भावोजी म्हणाले एवढा खर्च करण्यापेक्षा मशीन काढूनच टाकू, तेव्हा ताईचा मला फोन आला.

मी पाईपलाईन आणि पंपांच्या मेंटेनन्समध्ये काम करतो, त्यामुळे मला पहिल्यापासून वाटत होतं की हे मशीनचं दुखणं नसावं, पण वाटणं वेगळं आणि सापडणं वेगळं. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण अशा केसमध्ये लोक मशीनचे चांगले पार्ट बदलत बसतात, हजारो रुपये जातात, आणि आवाज जिथे तयार होतो तिथे कोणी हातच लावत नाही.

सगळ्यात आधी ताईला एकच विचारलं, आवाज नक्की कधीपासून? तिला तारीख आठवत नव्हती पण हे आठवत होतं की सोसायटीची टाकी साफ झाली त्या आठवड्यात नळाला गढूळ पाणी आलं होतं, आणि ठोका त्याच्यानंतरचा. दुसरं एक तिने सहज बोलता बोलता सांगितलं, घर्रर्र आवाज आधी नव्हताच, आधी फक्त ठोका होता, सर्व्हिसवाल्याने "अँगल कॉक अर्धा बंद ठेवा, प्रेशर कमी होईल" म्हणून सांगितलं तेव्हापासून घर्रर्र सुरू झालं. या दोन वाक्यांनी माझं निम्मं काम केलं. दोन आवाज, दोन वेगवेगळ्या वेळी सुरू झालेले, म्हणजे कारणंही बहुतेक दोन.

मग मशीन रिकामंच लावलं, आत एकही भांडं नाही, म्हणजे फवाऱ्याचं पातं भांड्याला आपटतंय का ही शंका तिथल्या तिथे मिटली. हातात मोबाईलचं घड्याळ घेऊन बसलो. डिशवॉशर सुरू झाला की बहुतेक मशीनमध्ये आधी काही सेकंद ड्रेन पंप चालतो, आतलं उरलेलं पाणी बाहेर टाकतो, मग इनलेट व्हॉल्व्ह उघडून साधारण तीन-चार लिटर पाणी घेतो, मग फिरवणारा मोठा पंप सुरू होतो. ड्रेन चालू असताना काही नाही. पाणी घेताना घर्रर्र. व्हॉल्व्ह बंद होताना टक् ऐकू येतं, आणि त्याच क्षणी सिंकच्या मागच्या भिंतीत धाड. मोठा पंप चालू असताना पुन्हा सगळं शांत. म्हणजे पंपाचा काही संबंधच नाही, पंप बदलून हजारो रुपये वाया गेले असते. मध्ये मध्ये मशीन थोडं थोडं पाणी टॉप-अप करतं, दोन-तीन सेकंद उघड, बंद, परत उघड, तेव्हा ठोके पाठोपाठ येतात, काकूंना जे "कोणीतरी भिंत ठोकतंय" वाटत होतं ते हेच.

इथे त्या व्हॉल्व्हबद्दल जरा सांगायला हवं, कारण सगळी गंमत त्यात आहे. डिशवॉशरचा किंवा वॉशिंग मशीनचा इनलेट व्हॉल्व्ह सोलेनॉइडचा, म्हणजे विजेच्या चुंबकाचा असतो, पण सोलेनॉइड स्वतःच्या ताकदीवर पाणी अडवत नाही, तो फक्त एक बारीक भोक उघडतो किंवा बंद करतो, आणि खरं उघडबंद करतो तो रबरी डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदा, लाईनच्याच पाण्याच्या दाबावर. म्हणजे लाईनमध्ये दाब जितका जास्त तितका तो डायफ्रॅम जोरात खाली बसतो. तुम्ही नळ हाताने बंद करता तेव्हा सेकंद-दोन सेकंद लागतात, हा सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात बंद होतो. पाईपमधलं पाणी चालतं असतं, त्याला अचानक जागच्या जागी थांबायला लावलं की त्याचा सगळा जोर दाबाच्या लाटेत बदलतो आणि ती लाट पाईपमधून मागेपुढे पळते. याला वॉटर हॅमर म्हणतात. व्हॉल्व्ह नवा टाकला तरी तो असाच बंद होणार, त्यामुळे सर्व्हिसवाल्याने बदललेला पार्ट चांगला असूनही उपयोग शून्य.

पण मशीनवर आळ आणणं किंवा मशीनला सोडवणं, दोन्ही पुराव्याने व्हायला पाहिजे म्हणून मशीनचा प्लग काढला, अँगल कॉक पूर्ण बंद केला, आणि बाथरूममधला जेट दाबून एकदम सोडला. भिंतीत ठोका, तसाच, जरा बारीक. वॉशिंग मशीन पाण्यावर लावलं, तिथेही ठोका. भावोजी म्हणाले हे तर आम्ही कधी लक्षच दिलं नव्हतं, दिवसा टीव्ही चालू असतो, मुलं असतात, कुणाला ऐकू येणार. म्हणजे लाईनमध्येच काहीतरी आहे आणि पाणी झटकन बंद करणारं जे जे असेल ते ते ठोका देणार, डिशवॉशर रात्री चालतो म्हणून तो पकडला गेला एवढंच.

घर्रर्र आवाजाचं त्याच वेळी उरकलं. मशीनचा पाईप कॉकवरून सोडवला आणि त्याच कॉकला दुसरा पाईप लावून पाणी बादलीत सोडलं, मशीन पूर्णपणे बाजूला. कॉक पूर्ण उघडा असताना नुसती पाण्याची सळसळ, अर्धा बंद केल्यावर तोच घर्रर्र. हा कॉक बिल्डरने दिलेला जुन्या पद्धतीचा, आत स्पिंडल आणि त्याच्या टोकाला वॉशर, आणि तो वॉशर ढिला झालेला. अर्ध्या उघड्या फटीतून जोरात पाणी गेलं की ढिला वॉशर खाली-वर थरथरतो, आणि पितळी कॉक आणि पाईप तो आवाज वाढवून घरभर देतात. म्हणून कॉक अर्धा बंद ठेवा हा सल्ला या प्रकारच्या कॉकला उलटा पडतो, दाब तर कमी होत नाही, फक्त पाणी कमी होतं. मशीन पाणी घ्यायचं थांबलं की बंद व्हॉल्व्हच्या मागे दाब परत पूर्ण येतो, कॉक कितीही पिळून ठेवला तरी. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो ना, आणि देणारा मनापासून देतो, पण त्याने प्रेशर कमी होतं हे चूक आहे.

मशीनच्या पाईपच्या नटमध्ये बारीक जाळी असते, तीही काढून पाहिली. तिच्यावर तपकिरी गाळ, दोन-तीन वाळूचे कण आणि टेफ्लॉन टेपचा एक तुकडा. जुन्या ब्रशने धुऊन परत बसवली. जाळी तुंबली की पाणी घ्यायला वेळ लागतो आणि बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, इथे तेवढं झालेलं नव्हतं, पण ती वाळू मला महत्त्वाची वाटली. कारण टाकी साफ करताना खालचा गाळ ढवळला जातो आणि तो लाईनमध्ये उतरला असेल तर फक्त ताईच्या जाळीत येऊन थांबणार नाही, वाटेत जिथे जिथे बारीक फट असेल तिथे बसणार.

आता दाब मोजायची वेळ. हार्डवेअरच्या दुकानात 0 ते 10 किलोचं प्रेशर गेज मिळतं, अर्ध्या इंची आट्यांचं कनेक्शन लावून ते बाथरूमच्या जेटच्या कॉकवर बसवलं. संध्याकाळी सातला, म्हणजे बिल्डिंगमध्ये सगळीकडे पाणी वापरात असताना, 2.4 च्या आसपास काटा हलत होता. रात्री साडेअकराला तोच काटा 4.5 वर स्थिर. प्लंबर ज्याला नुसतं किलो म्हणतात तो किलो प्रति चौरस सेंटीमीटर, आणि दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक किलो. तिसऱ्या मजल्यापासून गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यापर्यंत उंची किती, तर तेरा-चौदा मजले, मजल्याला तीन मीटर, वर टाकीचा चौथरा, सगळं धरून 45 मीटर. म्हणजे 4.5 किलो. आकडा बरोब्बर जुळला आणि तिथेच कळलं की रात्री ताईच्या नळाला आणि गच्चीवरच्या टाकीला अडवणारं मध्ये काहीच नाही.

हे असं नसायला पाहिजे. उंच इमारतीत खालच्या मजल्यांना वरून येणाऱ्या लाईनवर, ज्याला डाउनटेक म्हणतात, त्याच्यावर पीआरव्ही म्हणजे प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो, तो खालच्यांना दाब मर्यादेत देतो. या टॉवरमध्ये पहिल्या ते सहाव्या मजल्यासाठी एक पीआरव्ही आहे, सहाव्या मजल्याच्या डक्टमध्ये, आणि तो तिसऱ्या मजल्याला सव्वादोन-अडीच किलो मिळतील असा सेट केलेला होता. आता पीआरव्ही पूर्ण बिघडलेला असता तर संध्याकाळीसुद्धा दाब जास्त दिसला असता. पण संध्याकाळी ठीक आणि रात्री पूर्ण उंचीचा दाब, याचा अर्थ बहुतेक एकच निघतो, वाहतं पाणी असताना तो काम करतोय पण सगळे नळ बंद झाल्यावर त्याला घट्ट बंद व्हायचंय ते जमत नाहीये. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिच्यावर टेकून बंद होतो त्या कडेवर, कचरा अडकला किंवा सीट झिजली की थेंब थेंब पाणी पलीकडे जात राहतं, पुढे वापर नाही, त्यामुळे हळूहळू पलीकडचा दाब चढत चढत अलीकडच्याइतका होतो. रात्री फ्लश टाकीतून बारीक सूंऽऽ आवाज येतो अशी ताईची आधीपासून तक्रार होती, त्याचंही उत्तर यात आलं, टाकी भरली की पाणी अडवणाऱ्या फ्लोट व्हॉल्व्हला जास्त दाब मिळाला की तो तसा आवाज करतो.

4.5 किलो हा दाब डिशवॉशरला झेपत नाही असं कोणी समजू नये, बरीचशी मशीन 10 बारपर्यंत (एक बार म्हणजे जवळपास एक किलो) चालतात असं त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सीपीव्हीसी, म्हणजे घरातला प्लास्टिकचा पाईपही याहून कितीतरी जास्त सहन करतो. प्रश्न या दाबावर बसणाऱ्या ठोक्याचा आहे. निकोलाय झुकोव्हस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाईपांवर प्रयोग करून 1898 मध्ये याचं गणित मांडलं, आजही तेच वापरतात : वाढणारा दाब म्हणजे पाण्याची घनता गुणिले लाटेचा वेग गुणिले थांबण्याआधीचा पाण्याचा वेग. सीपीव्हीसीच्या घरगुती पाईपमध्ये लाटेचा वेग सेकंदाला साधारण 500 मीटर धरा. अर्धा इंची पाईपमधून मिनिटाला चार लिटर पाणी जात असेल तर त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास. गुणाकार केला की अडीच बार येतात. म्हणजे रात्रीच्या साडेचारवर आणखी अडीच, सात किलोच्या घरात, एका क्षणात. डक्टपासून सिंकपर्यंत दहा-बारा मीटर लाईन आहे, लाट जाऊन परत यायला सेकंदाचा विसावा भाग लागतो, व्हॉल्व्ह त्याच्या आत बंद झाला तर पूर्ण ठोका बसतो, त्याहून सावकाश बंद झाला तर कमी. दाब कमी केला की डायफ्रॅमही जरा सावकाश बसतो, म्हणून पीआरव्ही नीट केल्याचा फायदा दुहेरी आहे. आणि जुन्या बिल्डिंगमध्ये जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची लाईन असेल तर लाटेचा वेग 1300 मीटरच्या पुढे जातो, तिथे हाच ठोका अडीच-तीन पट.

पाईप तर सहन करेल, पण सिंकखालचे जाळीदार कनेक्शन पाईप, जेटचा पाईप, गिझर यांना रोज रात्री असे ठोके बसणं मला अजिबात मान्य नाही. सिंकखालचा कनेक्शन पाईप फुटला आणि घरात कोणी नसलं तर पाणी थेट खालच्या मजल्यावर उतरतं. काकूंची झोप हा एक मुद्दा होता आणि हा दुसरा, त्यामुळे सोसायटीकडे जाताना मी "आवाज" असा शब्द न वापरता दोन्ही वेळचे गेजचे फोटो नेले. सेक्रेटरी साहेबांनी लगेच ऐकलं, कारण तोपर्यंत पाचव्या मजल्यावरून वॉशिंग मशीनच्या ठोक्याची तक्रार त्यांच्याकडे पडून होती, ती त्यांना एकट्या घराची वाटत होती.

सोसायटीचा प्लंबर आणि मी डक्टमध्ये उतरलो. पहिल्यांदा बायपास पाहिला, कारण पीआरव्हीच्या बाजूने दुरुस्तीसाठी एक बायपास लाईन असते आणि कोणाची "पाणी कमी येतंय" अशी तक्रार आली की ती थोडी उघडून ठेवायची सवय बऱ्याच ठिकाणी असते. इथे बायपास घट्ट बंद होता. मग दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद करून पीआरव्हीच्या आधीचा स्ट्रेनर, म्हणजे गाळ अडवणारी जाळी काढली, त्यात मूठभर गाळ. पीआरव्ही उघडला तर सीटवर वाळूचा कण रुतून खाच पडलेली, आणि रबर सीलवरही तिचाच ठसा. साफ करून परत बसवता आला असता पण खाच पडलेली सीट परत गळणारच, म्हणून सोसायटीने आतली किट बदलली. त्याच वेळी मी आग्रह करून पीआरव्हीच्या पुढे एक कायमचं गेज बसवून घेतलं. गेज नसेल तर पीआरव्ही काम करतोय की नाही हे कोणालाच दिसत नाही, आणि चार महिन्यांनी परत हेच प्रकरण दुसऱ्या कोणाच्या घरी सुरू होतं.

त्या रात्री ताईच्या बाथरूममध्ये काटा 2.3 वर थांबला आणि पहाटेपर्यंत तिथेच होता. ठोका पुष्कळ उतरला, पण पूर्ण गेला नाही. बाकीचं काम घरात होतं.

कॉक बदलला, सिरॅमिक कार्ट्रिजचा पाव फेऱ्याचा घेतला, ज्यात थरथरायला ढिला वॉशरच नसतो, आणि ताईला सांगून ठेवलं की तो एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. ठोका कुठे बसतो ते शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक पाईपला लावून भावोजींना जेट दाबायला-सोडायला सांगितलं. सिंकच्या कपाटात सीपीव्हीसी भिंतीतून बाहेर येतो तिथलं भोक पाईपपेक्षा मोठं होतं, पाईप त्यात हलत होता आणि प्रत्येक लाटेला टाईलच्या कडेवर आपटत होता. एक क्लिपसुद्धा नव्हती. रबर लावलेल्या दोन क्लिप मारल्या, भोकात रबरशीट गुंडाळून भरली, आणि मशीनचा पाईप जो मागच्या प्लायला टेकला होता तो सैल गोलाई ठेवून मोकळा केला. त्याचा फरक माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त पडला. लाट तर दिसत नाही, ऐकू येतो तो आपटणारा पाईप.

शेवटचा उपाय हॅमर अरेस्टरचा. ही छोटीशी नळी कॉक आणि मशीनचा पाईप यांच्यामध्ये पाऊण इंची आट्यांवर बसते, आत पिस्टन आणि त्याच्या मागे कोंडलेली हवा, लाट आली की हवा दबते आणि ठोका गिळते. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात ती सहज मिळत नाही, मागवावी लागते. प्लंबर म्हणाला साहेब कशाला, टी टाकून वर एक फूट पाईप उभा करतो, टोपी लावतो, झालं. हा जुना एअर चेंबर, चालतो, पण त्यातली हवा पाण्याला उघडी असते, ती हळूहळू पाण्यात विरघळते आणि काही महिन्यांनी उभ्या पाईपात नुसतं पाणी राहतं, मग तो असून नसल्यासारखा. लाईन रिकामी करून परत भरली की हवा परत येते, पण घरात ते कोण लक्षात ठेवणार. म्हणून पिस्टनवालाच मागवला. तो मशीनच्या व्हॉल्व्हच्या जितका जवळ तितका चांगला. ताईच्या मशीनचा पाईप साधा आहे, व्हॉल्व्ह मशीनच्या आत खाली आहे. काही मशीनच्या पाईपला कॉकच्याच टोकाला प्लास्टिकचा मोठा डबा असतो, त्यात गळती रोखणारा व्हॉल्व्ह असतो आणि पाईपमधून वायर गेलेली असते, तसा पाईप कधीही कापू नका आणि तिथे टक् आवाज कॉकजवळ येणारच हेही लक्षात घ्या.

आता मशीन पाणी घेताना सळसळ ऐकू येते आणि शेवटी टक्, ते दोन्ही नॉर्मल आहे. काकूंना मी स्वतः जाऊन विचारलं, त्या म्हणाल्या आता मला मशीन कधी लागतं तेच कळत नाही रे बाबा.

ज्यांचं घर वरच्या मजल्यावर आहे त्यांनी हे सगळं जसंच्या तसं लावू नये. टाकी डोक्यावर दोन-तीन मीटरच असेल तर दाब 0.2-0.3 किलोच मिळतो, बऱ्याच मशीनला किमान तेवढा किंवा त्याहून जास्त लागतो, आणि इतक्या कमी दाबात डायफ्रॅम पूर्ण उघडत नाही, तो गुणगुणतो आणि पाणी घ्यायला खूप वेळ लागतो. तिथे लोक प्रेशर पंप बसवतात, मग डिशवॉशरच्या छोट्या छोट्या टॉप-अपला पंप दर वेळी चालू-बंद होतो आणि त्याचे धक्के वेगळे. त्याला पंपाजवळ छोटा प्रेशर टँक लागतो, आणि त्यातली हवा पंप ज्या दाबाला चालू होतो त्याच्या किंचित खाली भरलेली पाहिजे, नाहीतर तो टँक नुसता शोभेचा.

सोसायटीत आता टाकी साफ झाली की पहिलं पाणी तळमजल्याच्या ड्रेनमधून सोडून द्यायचं आणि त्याच दिवशी सगळ्या पीआरव्हींचे स्ट्रेनर काढून धुवायचे असं ठरलंय, आणि रात्री बाराला गेजचा आकडा वॉचमन रजिस्टरमध्ये लिहितो. बी विंगचं रजिस्टर सुरू झाल्यावर तिथला आकडाही 4 च्या वर निघालाय, त्यांची किट मागवली आहे.